भोक जुळलं म्हणजे हूक जुळला असं नाही

उन्हाळ कांद्याच्या ट्रॉल्या लासलगाव-पिंपळगावच्या वाटेला लागल्या की एक मेसेज शेतकरी ग्रुपांवर हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: 'ट्रॅक्टरचे हूक सगळे सारखेच. पिन बसली की झालं. जाड लोखंडाचा घ्या, वरच्या भोकात लावा, ट्रॅक्टर जास्त ओढतो.'

आधी 'सगळे सारखेच' बघू. दिसतात सारखे, कबूल. पण चारचाकी ट्रॉलीचा माल तिच्याच चाकांवर असतो, हुकावर मुख्यतः ओढ येते. दोनचाकी ट्रॉली मालाचा काही भार सरळ हुकावर टाकते. म्हणून ओढीची ताकद वेगळी आणि उभा भार पेलायची वेगळी. घेताना दोन्ही आकडे विचारा. दुकानदार एकच सांगत असेल तर पुढचं दुकान गाठा. मागेपुढे सरकवता येणारा ड्रॉबार (ट्रॅक्टरच्या मागची ट्रॉली जोडायची पट्टी) असेल, तर दोनचाकीला तो आखूडच ठेवायचा. जितका बाहेर काढाल, तितका कमी भार पेलेल.

'जाड म्हणजे मजबूत' हे तर अर्धवटच. हूक कितीही जाड असो, तो ट्रॅक्टरला धरून असतो बोल्टांवर. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा. 8.8 असेल तर तो 4.6 वाल्याच्या दुप्पट ताण सोसतो. बाहेरून दोघे जुळे भाऊ! नेमका हाच फरक ठेवून स्वस्त हूक विकला जातो, आणि आपण मात्र पट्टीची जाडी बोटांनी मोजत बसतो.

आता 'वर लावा'. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच, कारण त्यात थोडं तथ्य आहे. ओढ जितकी उंचावरून, तितका पुढच्या चाकांवरचा भार मागे सरकतो आणि मागची चाकं जास्त पकड घेतात. सपाट रानात हे बरं वाटतं. पण मालेगावकडून राहुड घाट चढताना पुढचा भार चढामुळे आधीच हलका झालेला असतो. त्यात ओढ मागच्या आसाच्या वरून आली की स्टिअरिंग फिरवून ट्रॅक्टर वळत नाही, आणि क्लच झटक्यात सोडला तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर ड्रायव्हरवरच उलटतो. सावरायला वेळच मिळत नाही. ड्रॉबार आसाच्या खाली असतो तो याचसाठी. तीन पॉइंटच्या, म्हणजे अवजारं उचलणाऱ्या लिफ्टच्या हातांमधल्या, आडव्या पट्टीला ट्रॉली जोडणाऱ्यांनी तर जास्त जपावं: पट्टीला स्टे (ती वर जाऊ न देणारे आधाराचे दांडे) लावलेले नसतील, तर लिफ्टचा दांडा चुकून ओढला तरी हूक वर जातो.

मेसेजच्या शेवटी पिनला तार बांधायचा सल्लाही आहे. तार झिजते, तुटते. क्लिप थोडक्या पैशांत मिळते, आणि सोबत सुरक्षा साखळी हवीच. भोक घासून लांबट झालं असेल, ब्रेक मारताना मागून खडाक आवाज येत असेल, तर नवी पिन घालून भागणार नाही, हूकच बदला.