मीटरशी बोलणी

गाडीचा मीटर, म्हणजे स्टिअरिंगसमोरचा वेग-पेट्रोलच्या काट्यांचा डबा, बदलला की काम संपलं, असा माझा समज होता. नवा मीटर बसवला, स्क्रू आवळले, त्यातला एक नेहमीप्रमाणे उरला. मग कळलं, की आपण कोणत्या गाडीत आलो आहोत हे नव्या मीटरला मुळात ठाऊकच नसतं. ते त्याला शिकवावं लागतं आणि शिकवायला हातात मावणारा एक प्रोग्रॅमर लागतो. तो मित्राने दिला. "काही नाही रे, खोचायचा आणि बटण दाबायचं." ज्याचं वाक्य 'काही नाही रे'ने सुरू होतं, त्याच्याकडून काहीही उसनं घेऊ नये, हे या वयात तरी कळायला हवं होतं.

खोचायचा कुठे? १६ पिनांचं सॉकेट स्टिअरिंगच्या खाली असतं. मी डोकं पेडलांपाशी आणि पाय दाराबाहेर, असा उताणा आत शिरलो. सॉकेट एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद असतं, म्हणजे प्लग उलटा खोचताच येत नाही. पण इथे मीच उलटा होतो. दहा मिनिटं मी तो सुलट समजून दाबत होतो.

बसला एकदाचा. पडदा उजळला, मी ओरडलो, "झालं!" शेजारच्या सीटवर माहितीपुस्तक घेऊन बसलेला मुलगा म्हणाला, "बाबा, ते उजळणारच. १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट कायम असतो, किल्ली लावा नाहीतर नका लावू." म्हणजे यंत्राचं पोट भरलं होतं, गाडीशी ओळख व्हायची होती.

ओळखीच्या आधी यंत्राने अट घातली. बॅटरी १२.१ व्होल्टवर आहे, चार्जर जोडा. भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते. शिकवणी चालू असताना वीज कमी पडली, तर मीटर अर्धवट शिकून कायमचा गप्प बसू शकतो. बरं, इंजिन चालू ठेवावं म्हटलं तर तेही नाही: इग्निशन चालू, इंजिन बंद. त्यात मी गेले आठ दिवस किल्ली फिरवून फिरवून मीटरकडे नुसता बघत बसलो होतो, ते बघणंही बॅटरीच्याच खर्चाने झालं होतं.

चार्जर जोडला. पंखा बंद, हेडलाइट बंद, रेडिओ बंद.

"बाबा, आतला दिवा चालू आहे. दार लावायला सांगितलंय."

"माझे पाय बाहेर आहेत."

त्याने पान उलटून पाहिलं. "पायांबद्दल काही लिहिलेलं नाही."

पाय पोटाशी घेतले, दार लावलं, बटण दाबलं. 'गाडीशी संपर्क होत नाही.' पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. या निरोपाची गंमत अशी, की तो कारण कधीच सांगत नाही. मी फ्यूज पाहिले, प्लग काढून घातला, यंत्रावर हलकी चापटही मारली. (माहितीपुस्तकात हा उपाय नाही, पण रेडिओच्या काळापासून आपला त्यावर विश्वास आहे.)

शेवटी मुलाने मल्टिमीटर आणला. बॅटरी सोडवून ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजायचा. गाडीतली यंत्रं एकमेकांशी बोलतात ती या दोन तारांवरून, आणि तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. ते समांतर जोडलेले असतात, म्हणून दोन्ही जागेवर असले तर मिळून निम्मे, म्हणजे ६० दिसायला हवेत. आम्हाला १२० दिसले. एक टोक बेपत्ता!

आमच्या गाडीत ते टोक मीटरमध्येच होतं. मीटर पुन्हा उपसला. मागचा प्लग बसला होता, पण त्याची खिट्टी लागली नव्हती. दिवे लागण्यापुरत्या पिना टेकल्या होत्या, बोलण्याच्या अधांतरी होत्या. आठ दिवस मी एका बहिऱ्याची शिकवणी घेत होतो. खिट्टी 'टक्' वाजली. मुलगा काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

पुन्हा बॅटरी, पुन्हा चार्जर, पुन्हा पाय पोटाशी. १० टक्के, ४० टक्के. ७० वर डाव्या पोटरीत गोळा आला. दार उघडावं तर दिवा लागणार, म्हणून गोळा सहन केला. १०० टक्के! सगळे काटे एकदम उठून शेवटापर्यंत गेले आणि शिस्तीत परतले. मी लाथेनेच दार ढकललं आणि पाय बाहेर सोडला.

मीटरने त्याच क्षणी तोंड उघडलं. टिंग टिंग, आणि लाल अक्षरांत: 'दार उघडं आहे.'