अंबरी आहे का, अंबरी?

आंब्याच्या बाबतीत आमच्या घराला कोणी फसवू शकत नाही. पेटीतल्या गवतात नाक खुपसून हा देवगडचा, हा रत्नागिरीचा आणि हा कर्नाटकात जन्मून वाटेत कोकणचा दाखला मिळवलेला, हे माझी आई चष्मा न लावता सांगते. सफरचंदाच्या बाबतीत मात्र आम्ही तिन्ही पिढ्या निरक्षर आहोत. सफरचंद म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायचे फळ, आणि त्याच्या जाती दोनच : गोड निघालेले व पिठूळ निघालेले. जात कापल्यानंतर कळते, एवढीच काय ती अडचण.

या अज्ञानात आम्ही सुखी होतो. पण गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरचे काका काश्मीरची सहल करून आले आणि त्यांनी जिन्यात मला अडवून सांगितले, "तुम्ही खाता ते सफरचंदच नव्हे. अंबरी खाऊन बघा. खोलीत ठेवली की खोलीभर वास!" काकांनी स्वतः किती अंबरी आणल्या होत्या, असे मी विचारले. विमानात सामानाच्या वजनाची फार अडचण असते, असे ते म्हणाले.

मी वाचन सुरू केले आणि वाचनाने नेहमी होते तेच झाले, म्हणजे होते ते समाधानही गेले. ज्याला मी आजवर काश्मीरचे अस्सल फळ समजत होतो ते लालभडक 'डेलिशस' मूळचे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले निघाले. तिथल्या जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत ते आपोआप उगवले होते आणि रांगेत बसत नाही म्हणून त्याने रोप छाटले तरी पुन्हा पुन्हा फुटले, अशी कथा सांगतात. पुढे फिलाडेल्फियाहून येऊन शिमल्याजवळच्या कोटगढला स्थायिक झालेल्या सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास त्या जातीची कलमे हिमाचलात लावली. हेच स्टोक्स नंतर सत्यानंद झाले. म्हणजे माणसाने निदान नाव तरी बदलले. सफरचंदाने तेही न बदलता आमच्या फ्रिजपर्यंत मजल मारली. अंबरी मात्र काश्मीर खोऱ्यातलीच, शोपियान भागात पिढ्यानपिढ्या वाढलेली. घरच्या माणसाला ओळखत नाही आणि पाहुण्याला घरचा समजतो, याची मला लाज वाटली आणि मी पिशवी घेऊन बाहेर पडलो.

कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याला विचारले, "अंबरी आहे का?"

"आहे ना साहेब, ही काय!" त्याने त्याच ढिगाकडे हात केला, ज्यातून आदल्या दिवशी मी एक किलो घेतले होते.

"काल तर हे शिमला होते."

"कालचा माल शिमला होता," तो शांतपणे म्हणाला.

तेव्हा ऑगस्ट महिना चालू होता. अंबरी ऑक्टोबरच्या आधी झाडावरून उतरत नाही, हे मला घरी आल्यावर कळले. त्यानंतर मॉलमध्ये गेलो, तेथे प्रत्येक फळाच्या गालावर चिकटपट्टी होती. तिच्यावरच्या आकड्यांवरून जात ओळखता येते, हे मी वाचले होते. पण तिथल्या मुलाला अंबरीचा आकडा विचारल्यावर त्याने मला बिलाच्या रांगेत उभे केले. तिसऱ्या दुकानात "लाल अंबरी आहे" असे छातीठोक उत्तर मिळाले. मी हर्षभराने दोन किलो घेतल्या. मग समजले की लाल अंबरी ही काश्मीरच्या कृषी विद्यापीठाने रेड डेलिशस आणि अंबरी यांच्या संकरातून तयार केलेली वेगळी जात आहे. बापाला शोधायला निघावे आणि लेक भेटावी, तसा प्रकार झाला. शिवाय दुकानदाराने दिली ती लेक तरी खरी होती की नाही, देव जाणे.

अखेर मार्केट यार्डातल्या एका आडत्याने माझ्याकडे पाहिले. ज्या नजरेने डॉक्टर दुर्मीळ रोग्याकडे पाहतात, ती ही नजर होती. "अंबरी मागणारे या हंगामातले तुम्ही पहिले," तो म्हणाला. झाडाला फळ धरायला वर्षानुवर्षे लागतात, एका वर्षी लगडले की पुढच्या वर्षी हात आखडते, रंगही अंगभर लाल नाही, मग बागवान डेलिशस का लावणार नाही, असा त्याचा सवाल होता. एवढे खरे बोलणारा माणूस मला त्या तीन महिन्यांत प्रथमच भेटत होता, म्हणून सुटा माल मिळणार नाही, पेटीच घ्यावी लागेल, ही अटही मी मान्य केली.

नोव्हेंबरात पेटी आली. फळे मध्यम, लांबट, पिवळट हिरव्या अंगावर लाल पट्टे ओढलेली. "कच्ची दिसतात," असे बायकोने जाहीर केले. पण झाकण उघडून पाच मिनिटे झाली नाहीत तोच स्वयंपाकघरातून फोडणीचा वास हद्दपार झाला आणि आई देवघरातून उठून आली. मी एक कापले. करकरीत, पांढरेशुभ्र, गोड, आणि गोडीमागून येणारा तो वास. मी उत्साहाच्या भरात नको ते बोललो : "शिवाय ही महिनोन् महिने टिकतात!"

त्या वाक्याने घात केला. टिकणारे मागे ठेवायचे आणि नासणारे आधी संपवायचे, हा आमच्या घरातला कायदा आहे. अर्धी पेटी नातेवाइकांत वाटली गेली, उरलेली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गेली आणि हिवाळाभर मी गाडीवाल्याकडची पिठूळ डेलिशस खात राहिलो, कारण ती खराब होण्याच्या बेतात असत. कप्पा उघडून मी फक्त वास घेत असे. "घाई काय आहे? टिकतात ना?" आई विचारी, आणि पुरावा माझाच असल्यामुळे मला बोलता येत नसे.

माघात आमच्याकडे सत्यनारायण झाला. पूजेत मांडायला फळे हवी होती, आणि तेव्हा कुठे कप्पा उघडला. आरती झाल्यावर माझ्या अंबरींच्या फोडी केळ्यांत, डाळिंबाच्या दाण्यांत आणि पेरूत मिसळून द्रोणांतून वाटल्या गेल्या. माझ्या द्रोणात दोन आल्या.

वरच्या मजल्यावरच्या काकांनी डोळे मिटून एक फोड चावली आणि समाधानाने मान हलवली.

"सफरचंद फारच छान आहे हं. वॉशिंग्टन का?"

मी तोंड उघडणार, तोच कर्नाटकातला हापूस दहा पावलांवरून ओळखणारी माझी आई म्हणाली, "असेल बाई. ह्यानेच आणलंय कुठूनतरी."