बाल्कनी म्हणजे परस, शेत नव्हे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बाल्कनीत दुधी लागला. एक. त्याच्यासाठी बांबूचा मांडव घातला, मातीच्या दोन मोठ्या पिशव्या सहाव्या मजल्यावर चढवल्या, शेणखत आणलं, निंबोळी पेंड आणली, सुतळीचा गुंडा संपवला. या सगळ्याचा खर्च नवऱ्याने मला न सांगता वहीत मांडून ठेवला होता. आकडा मी इथे देणार नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना कौतुकाने सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "मला सांगायचं ना ताई, दोन दिले असते."

वेलाने मात्र कसूर केली नाही हो. वाढला, ग्रिलभर पसरला, फुलं धरली. दोन दिवसांत ती गळायची. इतक्या वर मधमाश्या कुठून येणार, तेव्हा परागीभवन आपल्याच हाताने करायचं, हे मला व्हिडिओवरून कळलं होतं. म्हणून रोज सकाळी, डबे भरायच्या आधी, लेकीचा रंगाचा बारीक ब्रश घेऊन मी बाल्कनीत हजर. फुलं मिटलेली. उद्या उमलतील म्हणून दुसऱ्या दिवशी परत. तीन आठवडे हेच. मग एकदा दिवेलागणीला वाळत घातलेले कपडे काढायला गेले, तर सगळी फुलं टक्क उघडी, अंधारात पांढरीशुभ्र. दुधी संध्याकाळी फुलतो! रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी. लाल भोपळ्याचं फूल सकाळी उमलतं, आणि मी पाहिलेला व्हिडिओ लाल भोपळ्याचा होता. त्या संध्याकाळी वेलावर मादी फूल एकच होतं, ज्याच्या मागे बोटाच्या पेराएवढा दुधी आधीपासूनच लटकलेला असतो, तसलं. तोच आमचा दुधी. त्याची मी भाजी केली. चव? दुधीची.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे पाऊस सुरू झाला की मोबाइलवर "आता भाजी विकत आणायची गरज नाही" छापाची रिळं सुरू होतात. चकचकीत कुंड्या, लालभडक टोमॅटो, ढबू मिरच्या, आणि मागे सतार. दोन मैत्रिणींनी गेल्या आठवड्यात मला तेच पाठवून विचारलं, काय काय आणू? माझं उत्तर त्यांना आवडलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आपल्याकडे थोड्या जागेत जास्तीत जास्त पिकवण्याचा ध्यास कोणी घेतला असेल तर तो कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी आणि त्यांच्या प्रयोग परिवाराने, म्हणजे शेतात स्वतः प्रयोग करून पाहणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाने. पाच माणसांच्या कुटुंबासाठी त्यांनी हिशेब मांडला तो दहा गुंठ्यांचा. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. आमची बाल्कनी आठ बाय चार, म्हणजे ३२ चौरस फूट, आणि त्यातला एक कोपरा वॉशिंग मशीनचा. शिवाय दाभोळकरांचं सगळं गणित पानावर पडणाऱ्या उन्हाचं होतं. आपण कुंडी, माती, खत सगळ्यावर बोलतो. उन्हावर कोणी बोलत नाही, कारण ते ऑनलाइन मागवता येत नाही.

आमची बाल्कनी दक्षिणेची. घर घेताना बिल्डरच्या माणसाने "भरपूर ऊन मॅडम" म्हणून सांगितलं होतं, आणि तो खोटं बोलत नव्हता, आम्ही घर पाहायला गेलो तेव्हा डिसेंबर होता. डिसेंबरात पुण्यात सूर्य भर दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर. ऊन पार दिवाणखान्याच्या दारापर्यंत येतं. मार्चनंतर तो चढत जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब त्याला अडवतो. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर, आणि त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला. बाहेर सगळं भाजून निघत असतं आणि माझ्या बाल्कनीत थेट ऊन शून्य. मी दुधी मार्चमध्ये लावला होता. आता बोला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की फ्लॅटची बाल्कनी म्हणजे शेत नव्हे, परस आहे. शेतातलं पीक तिथे लावलंत तर पदरी दुधी पडेल. एक.

आजोळ माझं देवरुखचं. घराच्या पुढे अंगण, तिथे ऊन, तिथे तुळस, जास्वंद, वाळवणं. मागच्या दारी मात्र सगळा ओला, सावलीचा कारभार. न्हाणीचं पाणी ज्या वाटेने जायचं त्या वाटेवर अळू, पुढे केळ, कडेला हळदीचं बेट, दगडाच्या डोणीपाशी गवती चहाचा ठोंब. तिथे कोणी मुद्दाम "बाग केली" नव्हती. जे पाणी टाकून द्यायचं त्यावर जे जगलं ते ठेवलं, इतकंच. आजी भाजी त्यातून काढायची असंही नाही. भाजी यायची बाजाराच्या पिशवीतून. परसातून यायचं ते भाजीला, चहाला, सणाला जे कमी पडेल ते. चार पानं, दोन देठ, एक काडी.

आता आपली बाल्कनी बघा. घराच्या मागच्या अंगाला, अर्धवट सावलीत, शेजारी धुण्याचं मशीन, पायाखाली पाणी. परसच की ते! फक्त जमिनीपासून साठ फूट वर.

तेव्हा माझ्याकडे आता काय आहे ते सांगते. अळू आहे. भाजीवाल्याकडची अळकुडी आणून कुंडीत पुरली, बस्स. डाळ-तांदळाचं धुवण रोज त्याच्या बुडाशी. कुंडीतली पानं परसातल्यासारखी सुपाएवढी होत नाहीत, वडीचा उंडा करायला दोन-तीन पानं जास्त लागतात. पण फतफत्याला देठासकट पाच-सहा पानं पुरतात, आणि ती पावसाळाभर मिळत राहतात. हाताला आणि घशाला खाजतं ते त्यातल्या ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, म्हणून चिरताना हाताला तेल आणि शिजवताना चिंच विसरायची नाही, इतका आजीचा धडा पक्का आहे.

ओव्याचं पान आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काडी दिली, खोचली, आली. ज्याच्या बियांचा ओवा आपण डब्यात ठेवतो ते झाड वेगळंच, हे जाड, लवदार पानांचं. बाजारात हे पान मिळतच नाही. पाऊस धो धो लागला, घरात भजीला काही नाही, तर आठ-दहा पानं धुऊन पुसून बेसनात बुडवायची. मायाळूचंही तसंच, भजी नाहीतर ताकातली भाजी. बाजारच्या पुदिन्याच्या जुडीतले जाड देठ पेल्यातल्या पाण्यात ठेवले होते, त्यांना मुळं फुटली, ते एका जुन्या घमेल्यात रवानगी.

गवती चहाला ऊन थोडं जास्त आवडतं, पण तो कुरकुर करत का होईना, जगतो. पात कापायची ती बाहेरची, मधल्या कोंभाला हात लावायचा नाही. पातीच्या कडेने बोट कापतं, तेव्हा जपून. आणि तिची गाठ मारून पाण्यात टाकायची, म्हणजे गाळताना लोंबत नाही. ही गाठ मी सासूबाईंकडून शिकले. त्या इतक्या सहज मारतात की बघत राहावं.

पण खरं सोनं हळदीची कुंडी. थंडीत बाजारात ओली हळद येते, त्यातले चार जाड गड्डे लोणच्यातून वाचवून ठेवले आणि अक्षय्य तृतीयेला लावले. महिनाभर काहीच नाही. मग पहिल्या पावसाबरोबर हिरवी गुंडाळी वर आली, कागदाची सुरनळी करावी तशी, आणि उलगडत गेली. हळदीला सावली चालते, उलट बरी वाटते. श्रावणापर्यंत हातभर लांब पानं. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून उकडीचं करायचं. तर पानं मी आदल्या संध्याकाळीच काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर, वर गूळ-खोबऱ्याचं सारण, पान मधोमध दुमडून चाळणीत. झाकण उघडल्यावर जो वास आला तो मला थेट देवरुखच्या स्वयंपाकघरात घेऊन गेला. लेक म्हणाली, "आई, रडतेस काय, वाफ लागली का?" हो म्हटलं. वाफच.

दुधीने मला कधी रडवलं नव्हतं. चुकले, रडवलं होतं, पण वेगळ्या कारणाने.

कढीपत्त्याबद्दल कोणीतरी विचारणारच, की तो तर मावशी कोथिंबिरीबरोबर फुकट देतात, मग कशाला? आमच्या मावशी आताशा दहा रुपये घेतात, हे एक. आणि विकतची डहाळी फ्रीजमध्ये चौथ्या दिवशी काळी पडते. झाडाला खरं ऊन हवं, म्हणून माझ्याकडे ती कुंडी ग्रिलच्या अगदी टोकाला आहे आणि वाढ मुंगीच्या पावलाने. त्यात त्यावर वाटेकरी. पावसाळ्यात एक दिवस पानावर पक्ष्याची शीट दिसली, पुसायला गेले तर ती चालायला लागली. लिंबावर येणाऱ्या फुलपाखराची अळी. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, त्यामुळे तिला दोन्ही चालतात. पुढे ती हिरवीगार झाली, आणि बोट लावल्यावर डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढून असा काही उग्र वास सोडला की मीच मागे सरले. फवारणी केली नाही. आमची वाटणी ठरली, वरच्या फांद्या तिच्या, खालच्या फोडणीच्या. वरच्या फांद्यांचे नुसते काटके उरले, ते नंतर पुन्हा फुटले.

मेथी-कोथिंबीर मी फक्त थंडीत करते, ऊन दारापर्यंत येतं तेव्हा. धणे चपलेखाली रगडून त्यांची दोन-दोन दलं मोकळी करायची, आणि आठ-दहा दिवस वाट बघायची. उन्हाळ्यात पेरली तर कोथिंबीर पानांआधी फुलोराच धरते. मिरचीचं नाव काढू नका. तीनदा लावली, तिन्हीदा पानं आकसून बोकड्या पडला.

ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांनी हे काहीच मनावर घेऊ नये. पुण्यात गच्चीवर पालापाचोळ्यात वांगी, टोमॅटो, पडवळ काढणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत आणि मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांच्यावर दिवसभर ऊन आहे. माझा राग आहे तो फ्लॅटवाल्यांना शेतकरी करायला निघालेल्या किटवाल्यांवर. सहा प्रकारच्या बिया, कोकोपीटची वीट आणि एक गोंडस खुरपं. नुसत्या कोकोपीटमध्ये पोषण काही नसतं, हे पाकिटावर कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. बारा इंची कुंडी ओल्या मातीने भरली की वीस-पंचवीस किलो होते आणि तिचं पाणी पाचव्या मजल्यावरच्या चादरीवर टपकतं, हेही नाही. ते सोसायटीच्या ग्रुपवर कळतं, सर्वांदेखत. आता मी कुंड्यांखाली ताटल्या ठेवते आणि डेंग्यूच्या भीतीने एक दिवसाआड उपडी करते. परसाला हा त्रास नव्हता.

मांडवाचा बांबू अजून आहे, त्यावर पायपुसणी वाळत घालते. ओव्याच्या पानाची काडी, गवती चहाचा ठोंब आणि अळूची दोन-चार पिल्लं जास्तीची झाली आहेत. ओळखीच्यांपैकी ज्यांना हवी त्यांनी रविवारी सकाळी पिशवी घेऊन यावं, चहा मिळेल. दुधीच्या बियांचं अर्धं पाकीटही शिल्लक आहे. ते जो पहिला येईल त्याला नाही म्हणता येणार नाही.