पाणबुडी, प्रार्थना आणि परागची कादंबरी

परागनं कादंबरी लिहायला घेतलीय हे कळल्यावर चीफनं एकच विचारलं, "जहाज कोणतं?"

"डिस्ट्रॉयर."

"कोणत्या क्लासचं?"

पराग गप्प. तिथून जे सुरू झालं ते दुपार होईस्तोवर संपलं नाही. टपरीवाल्यानं तर्रीचं भगोणं उतरवलं तरी कोणी हललं नाही.

लक्ष्मीनगरच्या आमच्या कट्ट्यावर समुद्राचा विषय निघणं तसं नवलच. नागपूरला जवळचा समुद्र मुंबईचा की विशाखापट्टणमचा, यावरच आमचं एकमत नाही. आमचं पाणी म्हणजे अंबाझरी, नाहीतर फुटाळा. पण चीफ मूळचे भंडाऱ्याचे असूनही अख्खी नोकरी नौदलात काढून चीफ पेटी ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. त्यांच्यासमोर समुद्रावर काही लिहायचं म्हणजे वकिलाच्या घरी भाडेकरू म्हणून राहणं.

परागची गोष्ट अशी. दुसरं महायुद्ध, अमेरिकन नौदल. नायक लेफ्टनंट, देव न मानणारा. नायिकाही नौदलातच अधिकारी, पाद्र्याची मुलगी. दोघं एकाच जहाजावर. अटलांटिकमध्ये रात्री जर्मन पाणबुडी टॉर्पेडो सोडते, नायिका डेकवर गुडघे टेकते, टॉर्पेडो ऐनवेळी वळतो, जहाज वाचतं. नायकाला साक्षात्कार होतो. बंदरात लग्न.

"हे तर मी वाचलंय," वंदनाताई म्हणाल्या. "म्हणजे हेच नाही, पण असं ढीगभर वाचलंय." बँकेतून व्हीआरएस घेतल्यापासून ताई मोबाइलवर काय काय वाचतात याचा थांग नाही. त्यांनी सांगितलं की अमेरिकेत या प्रकाराला इन्स्पिरेशनल रोमान्स म्हणतात, दुकानात त्याचं कपाट वेगळं असतं. शिवी नाही, चुंबनाच्या पुढं काही नाही, आणि शेवटच्या प्रकरणाच्या आत दोघांपैकी जो देवापासून लांब गेलेला असेल तो परत यायलाच पाहिजे. तोवर लग्न नाही.

"काहून?" गुड्डूनं विचारलं. गुड्डू एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि देवाच्या बाबतीत त्याचा निकाल कधीच लागलेला आहे.

उत्तर सॅमनं दिलं. सॅम मोहननगरचा, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. "बायबलात पौलानं करिंथकरांना लिहिलंय तसं. विश्वास नसलेल्यासोबत एका जुवाला जुंपून घेऊ नका. लेखक लोकं ते लग्नाला लावतात. चूक नाही, पण त्याचा फॉर्म्युला करून टाकला त्यांनी."

इथं चीफनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "देवाचं मागाहून पाहू. आधी मले सांग, ती पोट्टी जहाजावर चढली कशी?"

मग चीफनं जे सांगितलं त्यानं परागची पहिली आठ प्रकरणं बुडाली. अमेरिकन नौदलात बायकांची राखीव शाखा, वेव्ह्ज म्हणायचे तिला, कायद्यानं उभी राहिली 30 जुलै 1942 ला. त्यात बायका अधिकारीही झाल्या, लेफ्टनंटही झाल्या. पण लढाऊ जहाजावर पाय ठेवायचा नाही, हे त्याच कायद्यात होतं. देशाबाहेरही जायचं नाही. 1944 संपता संपता कुठं हवाईपर्यंत जायची मुभा मिळाली. म्हणजे तो अटलांटिकवर आणि ती वॉशिंग्टनमध्ये टेबलाशी. दोघांची गाठ पडणार रजेत, बाकी सगळं प्रेम पत्रातून.

"मग तर मेलंच," पराग म्हणाला.

मला उलट वाटलं आणि मी तसं बोललो. पत्रात तर खरी मजा आहे. त्या काळी खलाशांची पत्रं जहाजावरचे कनिष्ठ अधिकारीच तपासायचे. जहाजाचं नाव, जागा, काही दिसलं की कापायचं. म्हणजे परागचा नायक दिवसभर दुसऱ्यांची प्रेमपत्रं वाचणार, त्यांना कात्री लावणार आणि रात्री स्वतःचं लिहायला बसणार. कोणता खलाशी घरी काय खोटं सांगतो, कोणाची बायको उत्तर देत नाही, सगळं त्याला ठाऊक. देव न मानणाऱ्या माणसाला लोकांच्या प्रार्थना अशा उघड्या लिफाफ्यात रोज वाचायला लागाव्या, याहून चांगली सुरुवात मिळणार नाही. परागनं हे मोबाइलमध्ये टिपून घेतलं. माझं कट्ट्यावर एवढं वजन क्वचितच पडतं.

"आणि ती टेबलाशी म्हणजे टाइपिंग करत नव्हती, बाप्पा," चीफ म्हणाले. वॉशिंग्टनमध्ये मुलींच्या एका शाळेची जागा नौदलानं ताब्यात घेतली होती. तिथं शेकडो वेव्ह्ज रात्रंदिवस पाळ्यांमध्ये जर्मन पाणबुड्यांचे एनिग्मा नावाच्या यंत्रानं सांकेतिक केलेले संदेश फोडायच्या यंत्रांवर काम करत. बाहेर एक शब्द बोललात तर देशद्रोह, अशी तंबी होती. आईबापालाही सांगायचं नाही. लोकांना वाटायचं, पोरगी कुठंतरी फायली लावते.

वंदनाताई एकदम सरसावून बसल्या. "म्हणजे पराग, तिच्या हातात असा कागद येऊ शकतो की जहाजांच्या अमुक काफिल्याच्या वाटेत पाणबुड्या आहेत. आणि तिला माहीत आहे की तो त्या काफिल्यात आहे."

"हौ. आणि काही करता येत नाही," चीफ म्हणाले. "कागद वरच्या साहेबाकडं द्यायचा. काफिला वळवायचा की नाही ते दुसरेच ठरवणार. फार वेळा वळवला तर जर्मनांना संशय येईल, हेही त्यांना पाहावं लागे."

गुड्डूला इथं राहवलं नाही. "मग ती प्रार्थना करणार आणि टॉर्पेडो वळणार. आलं का फिरून तिथंच? हे चीटिंग आहे. लेखकानं जहाज वाचवायचं आणि देवाच्या नावावर बिल फाडायचं."

"टॉर्पेडो वळत होते ना बे," चीफ म्हणाले. "तुले काय वाटते, सरळच जायचे?" अमेरिकेचा स्वतःचा मार्क 14 टॉर्पेडो 1943 पर्यंत नुसता मनस्ताप होता. ठरवल्यापेक्षा खोल जायचा, जहाजाच्या खालून निघून जायचा, कधी नेमका आपटूनही फुटायचा नाही. पाणबुडीचे कप्तान ओरडून थकले, तरी वरचे म्हणत तुमचाच नेम चुकतो.

"म्हणजे तेव्हा देव जपान्यांचं ऐकत होता?" गुड्डू.

सॅम हसला, पण चीफ थांबले नाहीत. "आणि वळण्याचं म्हणशील तर टँग नावाची त्यांची पाणबुडी होती. ऑक्टोबर 1944. तिचा शेवटचा टॉर्पेडो खरंच वळला. गोल फिरून तिच्यावरच आला. नऊ माणसं वाचली. आता यात कोणाची प्रार्थना कुठं बसवतो तू?"

थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. माझं मत तेव्हाच ठरलं आणि अजून तेच आहे: श्रद्धेच्या गोष्टीत देवाला टॉर्पेडोच्या सुकाणूवर बसवलं की त्याच क्षणी श्रद्धा संपते आणि नशीब सुरू होतं. जहाज वाचलं म्हणून जो गुडघे टेकतो तो पुढच्या वेळी जहाज बुडालं की उठून चालायला लागणार. वाचकही त्याच्यासोबत उठतो.

सॅमनं मग डॉर्चेस्टरची गोष्ट काढली. त्याच्या चर्चमध्ये ती सांगतात. 3 फेब्रुवारी 1943, ग्रीनलंडकडे सैनिक घेऊन चाललेलं जहाज, वर 902 माणसं. मध्यरात्रीनंतर टॉर्पेडो लागला. जहाजावर चार धर्मोपदेशक होते: एक मेथॉडिस्ट, एक रिफॉर्म्ड चर्चचा, एक कॅथलिक फादर आणि एक ज्यू रब्बी. चौघांनी आपापली लाइफ जॅकेटं काढून दुसऱ्यांना दिली आणि बुडत्या जहाजावर हात धरून प्रार्थना म्हणत उभे राहिले, असं वाचलेल्यांनी सांगितलं. पावणेसातशेच्या आसपास माणसं गेली.

"टॉर्पेडो वळला नाही," सॅम म्हणाला. "प्रार्थना तरी झालीच. जॅकेट देताना समोरच्याला कोणी विचारलं नाही की बाबा, तू कोणत्या चर्चचा."

"ते चौघं लष्कराचे होते, नौदलाचे नाही," चीफ म्हणाले. त्यांना हे सांगितल्याशिवाय चैन पडलं नसतं.

"ठीक आहे, पण कॅप्टन मुल्ला साहेबांचं काय?" गुड्डूनं थेट चीफच्या घरातच हात घातला. "9 डिसेंबर 1971. दीवजवळ आपली युद्धनौका खुखरी बुडाली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. शाळेत हे शिकवताना त्यांची श्रद्धा कोणी सांगत नाही, ड्यूटी सांगतात. तेवढं पुरते. मग देव मध्ये कायले पाहिजे?"

चीफ मुल्ला साहेबांच्या नावावर वाद घालत नाहीत. ते नुसते म्हणाले, "नौदलाच्या चिन्हावर शं नो वरुणः लिहिलेलं असते, पोरा, म्हणजे वरुण आमचं भलं करो. उपनिषदातलं आहे, राजाजींनी सुचवलेलं. जहाज पाण्यात सोडताना अथर्ववेदातलं म्हणतात, नारळ फोडतात. कोण किती मानते ते ज्याचं त्यानं पाहावं. पण समुद्रावर पूर्ण कोरडा माणूस मी कमी पाहिला."

गुड्डूचं समाधान झालं नाही आणि ते व्हावं असंही नाही. त्याचा मुद्दा चोख होता. पण सॅमही कुठं म्हणत होता की फक्त श्रद्धावंतच जॅकेट देतात?

प्रेमकथा मात्र बाजूलाच राहिली होती. ती वंदनाताईंनी परत आणली, आणि कुठून आणली तर नागपूरहून. "तुम्ही अमेरिकेत कायले शोधून राहिले? कवी रेव्हरंड ना. वा. टिळक इथं नागपुरात आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामाला होते. इथून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन माणसानं त्यांच्या हातात बायबलचा नवा करार दिला. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले, तेही बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. त्या आपल्या धर्मात राहिल्या, माहेरच्यांसोबत राहिल्या, मग नवऱ्याकडे आल्या पण सोवळं वेगळं ठेवलं. काही वर्षांनी त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचारानं झाल्या. नवऱ्यानं ओढलं म्हणून नाही. ही आहे श्रद्धेची प्रेमकथा. तुझ्या लेफ्टनंटाला एका रात्रीत साक्षात्कार होते, इथं एका घरात दोन चुली पेटत होत्या."

सॅम म्हणाला, "टिळकांची भजनं आम्ही अजून म्हणतो." मग त्यानं एक गुणगुणलंही, पण टपरीवाल्याच्या रेडिओनं त्याला दाबून टाकलं.

पराग आता पार हलला होता. "मग मराठीच करतो ना. मुंबई. 1971."

"1971 मध्ये बाई अधिकारी? डॉक्टर सोडली तर नाही," चीफ. "बाकी शाखांमध्ये 1992 पासून." मग स्वतःच वाट काढून दिली. "1944 धर. रॉयल इंडियन नेव्हीत बायकांची शाखा निघाली होती, रिन्स. कल्याणी सेन म्हणून सेकंड ऑफिसर होत्या, 1945 मध्ये ब्रिटनला जाऊन आल्या. साडीचा युनिफॉर्म, फोटो आहे त्यांचा. आणि तुले स्फोटच पाहिजे तर 14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया डॉक. फोर्ट स्टिकिन जहाज. दारूगोळा आणि कापूस एकाच पोटात."

"कापूस? म्हणजे आपला?" गुड्डूचा वऱ्हाडी अभिमान जागा झाला.

"कराचीहून चढवलेला."

गुड्डू खट्टू झाला, पण लगेच त्याच्या डोक्यात काहीतरी पेटलं. पुढं तो जे बोलला ते त्या दिवसाचं सगळ्यात कामाचं. "पराग, पोट्टी मोहननगरची ख्रिस्ती, पोट्टा आपल्या नागपूरच्या महाल भागातला हिंदू, दोघं नौदलात. 1944 मध्ये लग्न करतात कसं? स्पेशल मॅरेज अॅक्ट 1954 चा. त्याच्या आधीचा 1872 चा. त्याखाली रजिस्टर लग्न करायचं तर लिहून द्यावं लागे, मी ख्रिस्ती नाही, मी हिंदू नाही. 1923 मध्ये हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात सूट मिळाली. ख्रिस्ती-हिंदू जोडप्याला नाही. दुसरा रस्ता ख्रिश्चन मॅरेज अॅक्ट, त्यात एक जण ख्रिस्ती असला तरी चालते. म्हणजे एक तर दोघांनी आपापला देव नाकारून सही करायची, नाहीतर त्यानं तिच्या पद्धतीनं उभं राहायचं."

"ती सही करणार नाही," सॅम पटकन म्हणाला.

"कशावरून? प्रेम आहे, युद्ध चालू आहे, उद्या तो जिवंत असेल याची खात्री नाही."

"म्हणूनच करणार नाही."

"आणि तो?" वंदनाताईंनी विचारलं. "तो तर काही मानतच नाही. त्याला मी हिंदू नाही लिहायला काय जाते?"

"आई," पराग म्हणाला. "महालात आई आहे."

नास्तिक गुड्डूनं परागच्या कादंबरीत जेवढी श्रद्धा आणली तेवढी टॉर्पेडोनं आणली नव्हती, असं मी म्हणालो तर तो माझ्यावरच उखडला. हा कायद्याचा प्रश्न आहे, देवाचा नाही, असं त्याचं म्हणणं. सॅमचं म्हणणं नेमकं उलट. त्यावर पुन्हा अर्धा तास गेला, तो इथं लिहीत नाही, कारण दोघंही तेच तेच आवाज वाढवून बोलत होते. वंदनाताईंचं मत पडलं की त्यानं चर्चमध्ये उभं राहावं, विश्वास ठेवल्याचं नाटक न करता, आणि तिनं तसंच त्याला पत्करावं. फॉर्म्युला मोडला तरी चालेल. सॅमला ते पटलं नाही. पाळक तयार होईल का, हा त्याचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

पराग उठला. आठ प्रकरणं फाडणार म्हणाला.

"फाड," चीफ म्हणाले. "पण एक ध्यानात ठेव. पहिल्या पानावर तुझा लेफ्टनंट मध्यरात्री उघड्या डेकवर सिगरेट पेटवते. काफिल्यात, ब्लॅकआउट असताना. नव्या कादंबरीत तो मुंबईचा असो की महालचा, त्याच्या हातातली काडेपेटी आधी काढून घे."