सिग्नल अकरा आणि अध्यक्षांचं मनोगत

यंदाची स्मरणिका लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीवर करू, असं मी गणेश मंडळाच्या बैठकीत म्हटलं तेव्हा कोणीच विरोध केला नाही. फुकटात होणार म्हटल्यावर आमच्या मंडळात विरोध होत नसतो. कोषाध्यक्षांनी फक्त "मंग वाचलेल्या पैशात महाप्रसाद वाढवता येईन" एवढं वहीत टिपून घेतलं. ही २०१७ सालची गोष्ट.

विरोध झाला तो आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या प्रेसवाल्याकडून. "पेजमेकरमध्ये देऊन द्या ना जी, काहून डोक्याले ताप करून राह्यले?" पेजमेकर म्हणजे छपाईची पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली निघाली. त्यानंतर कंपनीने तो विषय संपवला, पण आमच्याकडच्या लग्नपत्रिकांना ते कोणी कळवलेलं नाही. शिवाय त्या काळचे मराठी फॉन्ट असे, की 'सप्रेम नमस्कार' टाइप केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की डॉलर, टक्के आणि उलटे प्रश्नचिन्ह बाहेर पडावेत.

मला युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच राहणारं मराठी, हवं होतं आणि लिनक्सवर त्यासाठी स्क्रायबस हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर होतं. त्याची स्थिर आवृत्ती तेव्हा १.४ होती. स्थिर म्हणजे खरोखर स्थिर. पडायची नाही, फक्त तिला मराठी यायचं नाही. 'चि.' लिहिलं की वेलांटी च सोडून पुढच्या टिंबावर जाऊन बसायची आणि 'श्री' मधला श पाय मोडून वेगळा उभा राहायचा. वर्गणीदारांच्या यादीत प्रत्येक नावाआधी श्री असतो. शंभर श्रींचे पाय मोडून छापले असते, तर पुढच्या वर्षी वर्गणी कोण देणार?

त्याच वर्षी १.५.३ आली आणि तिच्यात अक्षरं नीट जुळवणारं हार्फबझ बसवलेलं होतं. हे काम ओमानमधल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी अरबीच्या गरजेपोटी केलं आणि आमच्या रफाराची सोय आपोआप झाली. अट एकच. स्क्रायबसमध्ये मधला आकडा विषम असला की ती आवृत्ती चाचणीची. रोजच्या कामाला वापरू नका, असं बनवणारेच बजावतात. आणि १.५ मध्ये साठवलेली फाइल १.४ मध्ये उघडत नाही, म्हणजे परतीचं तिकीट नाही. १.५ ची ही चाचणी २०१५ साली सुरू झाली आणि स्थिर १.६ यायला २०२४ उजाडलं. दरम्यान आमच्या वर्धा रोडवर खांब उभे राहिले, २०१९ मध्ये त्यांवरून मेट्रो धावू लागली आणि लोकांची तिच्यात सेल्फी काढण्याची हौसही फिटली.

तर मी १.५.३ चं ॲपइमेज, म्हणजे एकाच फाइलमध्ये मावलेला अख्खा प्रोग्रॅम, उतरवलं, चालवायची परवानगी दिली, मुक्ता फॉन्ट लावला आणि कामाला बसलो. जाहिराती लागल्या. आरत्या लागल्या. 'तऱ्हा' मधला र सुद्धा हवा तसा उमटला, तेव्हा मी घरातल्यांना बोलावून दाखवला. कोणी फारसं हललं नाही.

मग अध्यक्षकाकांचं मनोगत आलं. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मनोगत व्हॉट्सॲपवर, शेवटी हात जोडल्याचं चित्र. मी ते पान ३ वर चिकटवलं, जरा इकडेतिकडे केलं, आणि खिडकी समोर आली: सिग्नल ११ मुळे स्क्रायबस कोसळत आहे. आपल्या वाटणीची नसलेली मेमरी प्रोग्रॅमने शिवली की लिनक्स त्याला हा ११ नंबर दाखवतो आणि खेळ खलास. भाऊबंदकीत लोक दुसऱ्याच्या धुऱ्यावर नांगर घालतात, तसलाच प्रकार. फक्त इथे निकाल जागच्या जागी लागतो.

चाचणीची आवृत्ती वापरणाऱ्याने अशा वेळी चिडायचं नसतं, कळवायचं असतं. कळवताना पहिलाच प्रश्न येतो, तुम्ही नेमकं काय केलंत? आता नेमकं काय केलं हे कोणाला आठवतं? मी पुन्हा करून पाहिलं, तर पठ्ठ्या पडेना. कोणी बघायला उभं असलं की तर हमखास चालायचा. वेगळ्या क्रमाने केलं की पडायचा, आणि तो क्रम मला पुन्हा जमायचा नाही. बाहेर पोळा होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली, तेव्हा सिग्नल ११ लाही घेऊन जा, म्हणून मी घरातूनच हात जोडले. स्थापनेला तीन दिवस राहिले होते.

मनोगत कुठवर आलं हे बघायला काका स्वतःच आले. झाला प्रकार ऐकून म्हणाले, "सरक बापू." खिशातून पेन काढलं आणि एकेक पायरी कागदावर लिहीत दुपारभर पाडापाडी केली. संध्याकाळी माझ्या हातात टिपणी:

"विषय : मनोगत (पृष्ठ ३) ठळक करताना प्रणाली बंद पडणेबाबत. १) मजकूर डाव्या रकान्यात चिकटवण्यात आला. २) शेवटची ओळ निवडून ठळक करण्यात आली. ३) ओळीअखेरचे हात जोडल्याचे चित्र उजव्या रकान्यात जाताच प्रणाली बंद पडली. ४) सदर कृती पुन्हा केली असता पुन्हा बंद पडली. ५) चित्र वगळून केली असता बंद पडली नाही, तथापि मनोगतात नम्रता राहिली नाही. सबब चित्रासह उपाय व्हावा."

एवढी काटेकोर तक्रार मी स्क्रायबसच्या तक्रारींच्या यादीत दुसरी पाहिली नाही. सॉफ्टवेअरवाले चाचणीसाठी पोरंसोरं का घेतात कळत नाही. कोणत्याही तहसिलीतला निवृत्त अव्वल कारकून घ्यावा. काकांसारखीच नम्रता सांभाळून मी ते इंग्रजीत उतरवलं आणि नोंदवलं. नोंदवल्याबरोबर क्रमांक आला. काका चष्मा सारखा करून बघतच राहिले. "अर्ज केल्या केल्या क्रमांक? चिरीमिरी न देता?"

स्मरणिकेपुरते ते हात आम्ही फोटोसारखे वेगळे चिकटवले. पीडीएफ प्रेसवाल्याने सवयीने कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायला घेतली, ती मी त्याचा हात धरून थांबवली. छपाई झाली, महाप्रसादाला एक भाजी वाढली.

तक्रारीवर उत्तर आलं: नमुना फाइल जोडा. मी लगेच जोडणार होतो. काकांनी अडवलं. फाइलसोबत अग्रेषण पत्र हवं, म्हणाले, आणि माहितीसाठी एक प्रत कोषाध्यक्षांना.