रकान्यात बसवलेले मूल

इंग्लंडमधील कौन्सिलांच्या, म्हणजे तेथील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, बालसेवा विभागांसाठी संगणकीय नोंदप्रणाली तयार करण्याचे काम मी गेली अनेक वर्षे करीत आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात भरधाव मोटारीच्या धडकेत दोघांचा मृत्यू झाला आणि चालक अल्पवयीन असल्याचे पोलिसांनी सांगितले, तेव्हा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ (कायद्याशी संघर्ष झालेले मूल) या संज्ञेवर महाराष्ट्रात उसळलेला संताप मी येथे बसून वाचत होतो. सरळ गुन्हेगार म्हणायचे सोडून असे गुळगुळीत शब्द कशाला, असा त्याचा सूर होता. तो संताप मला समजतो. मात्र मुलांसाठीच्या संज्ञा म्हणजे केवळ बोलण्यातील सौजन्य, हे त्यामागचे गृहीतक मला मान्य नाही, कारण नोंद करताना निवडायच्या पर्यायांच्या यादीत एकदा बसलेला शब्द मुलाबरोबर वर्षानुवर्षे चालतो आणि त्यावर निर्णय होतात.

येथील ‘कॉन्टॅक्ट’ या शब्दाचेच पाहा. ताब्याची भाषा टाळावी म्हणून १९८९ च्या चिल्ड्रेन ॲक्टने ‘कस्टडी’ आणि ‘ॲक्सेस’ हे शब्द बाजूला सारून ‘रेसिडन्स’ (मूल कोणाकडे राहणार) आणि ‘कॉन्टॅक्ट’ (मुलाच्या भेटीगाठी) आणले. पण एखाद्या मुलाविषयी शाळेने किंवा शेजाऱ्याने विभागाला प्रथम दिलेल्या माहितीलाही कचेरीत ‘कॉन्टॅक्ट’च म्हणतात. आमच्या डेटाबेसमध्ये या नावाचे दोन तक्ते होते, आणि एका अहवालात मुलांच्या आईशी झालेल्या भेटी नव्याने आलेल्या तक्रारी म्हणून मोजल्या गेल्या. पुढे २०१९ मध्ये ‘टॅक्ट’ या संस्थेने सरकारी देखभालीत वाढणाऱ्या मुलांकडूनच एक शब्दसूची करून घेतली. तिच्यात मुलांनी ‘कॉन्टॅक्ट’च्या जागी कुटुंबासोबतचा वेळ आणि ‘प्लेसमेंट’च्या, म्हणजे मुलाला जेथे ठेवले जाते त्या ठिकाणाच्या, जागी घर असे शब्द सुचवले. अशा देखभालीतील मुलाला म्हणतात त्या ‘लुक्ड आफ्टर चाइल्ड’चे लघुरूप ‘लॅक’ असे उच्चारले जाते आणि इंग्रजीत त्या उच्चाराचा अर्थ होतो उणीव. तीस वर्षांपूर्वी सद्भावनेने आणलेले शब्द असे बोचू लागतात. म्हणून कायद्यातील संज्ञेचा संकेतांक आणि पडद्यावर दिसणारा शब्द वेगवेगळे साठवावेत, म्हणजे जुनी नोंद न बिघडवता शब्द बदलता येतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

शब्द किती काळ टिकतात, याबाबत दोन्ही देशांची भूमिका अगदी वेगळी आहे. इंग्लंडमध्ये देखभालीत राहिलेल्या मुलाची नोंद साधारणपणे त्याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसापर्यंत जपावी लागते आणि मोठेपणी ती मागून वाचण्याचा त्याला हक्क असतो. सहाव्या वर्षी कोणीतरी घाईत निवडलेला पर्याय चाळिसाव्या वर्षी त्याच्यासमोर येतो. भारताच्या २०१५ च्या किशोर न्याय कायद्याचे कलम ३ मात्र सांगते की मुलाविषयीच्या प्रक्रियेत आरोप करणारे शब्द वापरू नयेत, आणि विशेष परिस्थिती वगळता मागील नोंदी पुसून टाकाव्यात. शब्दांविषयीचे तत्त्व कायद्यातच लिहून ठेवले, याचा मला अभिमान वाटतो. पुसण्याबाबत मी साशंक आहे. कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाला नवी सुरुवात मिळालीच पाहिजे. पण बालगृहात वाढलेल्या मुलाला आपण घरापासून का दुरावलो हे त्या कागदांखेरीज कोठेच सापडणार नसेल, तर ते कोणासाठी पुसायचे? शिवाय अनेक प्रणालींत ‘हटवा’ हे बटण नोंद केवळ नजरेआड करते. पुसणे, झाकणे आणि संग्रहात ठेवणे या तीन क्रियांना तीन स्वतंत्र नावे हवीत.

मराठीतील याद्यांचा विचार करताना मला सर्वाधिक काळजी वाटते ती ‘अनाथ’ आणि ‘बेवारस’ या शब्दांची. लोक सर्रास अनाथाश्रम म्हणतात, पण बालगृहातील अनेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात. अनाथ, सोडून दिलेले किंवा पालकांनी स्वतः बाल कल्याण समितीकडे सोपवलेले मूल त्या समितीच्या घोषणेनंतर दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त होते. चौकशी ती समितीच करते, हे खरे. पण तिच्यासमोर पहिल्यांदा येतो तो कोणीतरी रकान्यात निवडलेला शब्द. आणि ‘बेवारस’ तर आपण फलाटावर पडलेल्या पिशवीलाही म्हणतो.

इंग्रजी यादी भाषांतरकाराकडे सोपवली की ‘रनअवे’चे ‘पळून गेलेले मूल’ होते, आणि तेवढ्यात दोष मुलाच्या माथी बसतो. मराठीत काम करणारी कार्यकर्ती ‘घर सोडून आलेले’, ‘हरवलेले’ आणि ‘पळवून आणलेले’ यांत नेमका फरक करते. घर सोडून आले म्हटले की घरात काय घडत होते, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. हे भेद इंग्रजी यादीत नसतील, तर ते मराठीतून तिच्यात गेले पाहिजेत. त्यासाठी प्रणालीचा आराखडा पक्का होण्यापूर्वी अशा कार्यकर्त्यांना आणि संस्थेत वाढून मोठ्या झालेल्या तरुणांना यादी लिहायला बसवावे.

त्या यादीत ‘अद्याप माहीत नाही’ हा पर्याय असलाच पाहिजे. आमच्या प्रणालीत सुरुवातीला तो नव्हता आणि रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नसे, त्यामुळे रात्री उशिरा आणलेल्या मुलाच्या नावापुढे जवळचा वाटेल तो शब्द नोंदला जाई. आता तो पर्याय निवडता येतो, आणि काही दिवसांनी प्रणाली तोच प्रश्न पुन्हा विचारते.