पुढील नेमणूक यथावकाश

फादर, पत्र आले ना? अभिनंदन. बिशप हाऊसच्या लिफाफ्यात तीनच ओळी असतील. पहिलीत तुमच्या सेवेबद्दल आभार, दुसरीत पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या धर्मग्रामाचा, ताबा अमुक तारखेपर्यंत नव्या फादरांकडे द्यावा अशी सूचना, आणि तिसरीत तो अमर शब्द: "आपली पुढील नेमणूक यथावकाश कळवण्यात येईल." माझ्या आठ बदल्यांपैकी दोन या ‘यथावकाश’ने आल्या, तेव्हा चार गोष्टी हक्काने सांगतो. लिहून घ्या. वेळ आहेच आता तुमच्याकडे.

सगळ्यात आधी, धक्का बसल्याचा चेहरा करायची तालीम करा. पत्र तुम्हाला सोमवारी मिळाले असले तरी गावाला शुक्रवारीच कळलेले असते. आपल्याकडे दोन गोष्टी गुप्त राहायला हव्यात, एक पापनिवेदन आणि दुसरी बदली. पहिली राहते. मला माझी बातमी पेंटरने दिली. चर्चच्या दाराशी संगमरवरी पाटी होती, आजवरच्या प्रमुख धर्मगुरूंची नावे आणि पुढे साले. माझ्या नावापुढे सुरुवातीचे साल, मग आडवी रेघ, मग कोरा संगमरवर. एका दुपारी शिडीवर चढून एक माणूस त्या कोऱ्या जागेत खडूने आकड्यांची मापे आखत होता. मला पाहून खाली उतरला, फडके खांद्यावर टाकले आणि म्हणाला, "फादर, शेवटचं साल आत्ता टाकू, की नवीन नावाबरोबर एकदमच? एकदम टाकलं तर मजुरी एकच पडेल." काटकसरीवर पॅरिश कौन्सिलमध्ये मीच भाषण ठोकले होते. म्हटले, एकदमच टाका.

आता कायदा. सेमिनरीत घोकलेली 1983 ची कॅनन लॉची, म्हणजे चर्चच्या कायद्याची, संहिता कपाटावरून काढा, धूळ झटका आणि कलम 522 वाचा. पॅरिश प्रीस्टला, म्हणजे पॅरिशच्या प्रमुख धर्मगुरूला, स्थैर्य हवे, म्हणून त्याची नेमणूक बेमुदत असावी, असे ते म्हणते. छाती फुगली की पुस्तक मिटा. पुढचे वाक्य वाचू नका, कारण बिशप परिषदेने परवानगी दिली असेल तर मुदतीची नेमणूकही चालते, हे तिथेच लिहिले आहे. बदलीची कलमे 1748 पासून, अगदी शेवटी. बिशपांनी बदली लेखी सुचवावी, देवाच्या आणि आत्म्यांच्या प्रेमाखातर फादरांचे मन वळवावे. फादरांना पटले नाही तर त्यांनी कारणे लेखी द्यावीत. बिशपांनी ती दोन पॅरिश प्रीस्टांना घेऊन तपासावीत. एवढी सगळी सोय आहे. तिचा लाभ घेतलेला माणूस मला अजून भेटायचाय. आणि गंमत पाहा, 1752 कलमांची ही अख्खी संहिता संपते ती फादरांच्या बदलीवर. ‘आत्म्यांचे तारण हाच सर्वोच्च कायदा’ हे वाक्य आपण प्रवचनात फार मोठा हात करून फेकतो ना, ते त्या शेवटच्या कलमात बदलीच्या नियमाला चिकटून आले आहे. सगळे लिहून झाल्यावर पंडितांनी अवघड प्रकरण शेवटी ठेवले असावे. तुम्ही सहाय्यक धर्मगुरू असाल तर मात्र यातले काहीच वाचू नका. तुमचे काम 552 मध्ये एका वाक्यात उरकले आहे.

कोणी विचारले, "फादर, कुठे जायला आवडेल?" तर उत्तर एकच, "जिथे पाठवाल तिथे." गुरुदीक्षेच्या दिवशी बिशपांच्या हातात हात देऊन आज्ञापालनाचे वचन दिले आहे, तेव्हा हे मोठ्याने म्हणायचे. हळू आवाजात व्हिकर जनरलना, म्हणजे बिशपांच्या मुख्य सहाय्यकांना, दम्याचे सांगायचे. आपल्या वसई भागातला दमा मोठा हुशार आहे. लांबचे जव्हार, मोखाडा, तलासरी म्हटले की तो उसळतो, आणि जवळचे पापडी, नंदाखाल, माणिकपूर म्हटले की बसतो. 1998 पूर्वी आपण मुंबई महाधर्मप्रांतात होतो तेव्हा म्हणे बदली थेट कुलाब्यापर्यंत जायची. वसई धर्मप्रांत झाला, अंतर आटले, तर्क मात्र वाढले. मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यायला हवा, असे पोप फ्रान्सिस 2013 मध्ये म्हणाले. ते वाक्य मी निदान वीस प्रवचनांत वापरले. कुठल्या मेंढरांचा, हे त्यांनी स्पष्ट केले नव्हते, आणि स्टेशनपासून रिक्षाच्या टप्प्यातल्या मेंढरांचा वास मला नेहमीच जास्त मानवला.

धीर सुटलाच तर आपल्या आश्रयदात्या संताला हाक मारा. सगळ्या पॅरिश प्रीस्टांचे आश्रयदाते संत जॉन व्हियानी. 1818 मध्ये फ्रान्समधल्या आर्स या खेड्यात गेले आणि 1859 मध्ये तिथेच वारले. मध्ये मठात जाऊन एकांतात राहावे म्हणून त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा गाव सोडायचा प्रयत्न केला, आणि दर वेळी त्यांना परत यावे लागले. बदलीसाठी झुरणारा आणि बदली न झालेला माणूस आपला आश्रयदाता! नवस करताना जपून, ते आपला अनुभवच पदरात घालतील.

निरोप समारंभाबद्दल फार सांगत नाही. शाल, श्रीफळ, आणि भिंतीवरचे घड्याळ. माझ्याकडे अशी अकरा घड्याळे आहेत.

ताबा देताना मात्र नीट बसा. बाप्तिस्म्याचे, लग्नाचे, मृत्यूचे रजिस्टर, शिक्का, तिजोरी. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात तुमची शेवटची सही जिथे आहे तिथे बोट रेंगाळेल, कारण त्या पानावरची निम्मी पोरे पाण्याचा पहिला थेंब पडताच किंचाळली होती आणि कोणती ते तुम्हाला अजून आठवते. बोट उचला, पान उलटा. मग किल्ल्यांचा जुडगा. माझ्या शेवटच्या पॅरिशमध्ये अठरा किल्ल्या होत्या आणि त्यातल्या सहांची कुलपे कुणालाच ठाऊक नव्हती. माझ्या आधीच्या फादरांनी त्या अतिशय गंभीर चेहऱ्याने मला दिल्या, मीही तशाच पुढे दिल्या. सगळे लिहून द्या, फक्त विहिरीच्या मोटारीचे लिहू नका. ती आधी डावे बटण, मग पाइपावर हलकी थाप, मग दहा आकडे मोजून उजवे बटण, अशी सुरू होते. हे ज्ञान डोक्यात घेऊन निघा. आवारात तुम्ही लावलेल्या सोनचाफ्याकडे बघू नका. पहिल्या कळीला पाच वर्षे वाट पाहिलीत, आता दुसरे कुणी वेदीवर ठेवील. वर्षभर अनासक्तीवर बोलणाऱ्या माणसाने झाडासाठी रडणे बरे दिसत नाही, निदान ड्रायव्हरसमोर तरी.

आणि आता मुख्य विषय. ‘यथावकाश’ काढायचा कुठे? धर्मगुरूंच्या निवासात खोली मिळेल, पण तिथे जेवणाच्या टेबलावर दर दिवशी तुमच्या नेमणुकीचा नवा अंदाज वाढला जातो. म्हणून तुम्ही भावाच्या घरी जाल. तिथे एक ‘फादरांची खोली’ आहे, असे तुम्ही वीस वर्षे ऐकत आला आहात. ती आहे. तिच्यात तांदळाच्या गोण्या आहेत, पुतण्याचे डंबेल्स आहेत, आणि नाताळचा गोठा थर्माकोलसकट उभा आहे. वहिनी पदराला हात पुसत म्हणतील, "फादर, दोन दिवस थांबा, सगळं आवरते." नका आवरू देऊ. गव्हाणीशेजारी झोपण्याचा मान सगळ्यांना मिळत नाही.

पहिले दोन दिवस इंदाल, फुग्या, आणि शेजारपाजारचे आशीर्वादाला. तिसऱ्या दिवशी डाळ-भात. चौथ्या दिवशी भाऊ म्हणेल, "रिकामाच आहेस तर दूध घेऊन ये." इथे सावध राहा. गेली वीस वर्षे दूध तुमच्या टेबलावर आपोआप येत होते. कोपऱ्यावरच्या दुकानात उभे राहून, गायीचे की म्हशीचे, निळी पिशवी की हिरवी, या प्रश्नांपुढे तुमची डॉक्टरेट चालणार नाही. मागच्या बाई ओळखतील आणि विचारतील, "फादर, सध्या कुठे?" याचे उत्तर आत्ताच पाठ करा. "विश्रांतीवर" म्हणालात तर आजारी ठराल. "सुट्टीवर" म्हणालात तर दुसऱ्या आठवड्यात शंका येईल, आणि सुट्टीही संहितेने वर्षाला महिनाभराचीच दिली आहे. "वाट पाहतोय" हे खरे उत्तर, पण ते दुधाच्या दुकानात देऊ नये, लोक कसली ते विचारतात.

फोन शांत होईल. विशेषतः जूनच्या तोंडावर. शाळेच्या ॲडमिशनच्या मोसमात ज्याचा फोन वाजत नाही तो फादर खऱ्या अर्थाने अपरिग्रही झाला असे समजावे. गेल्या वर्षी याच दिवसांत तुम्ही देवाला म्हणाला होतात की, प्रार्थनेला अर्धा तास तरी दे रे. आता दिवसच्या दिवस मोकळे आहेत. ब्रेव्हिअरी, आपले रोजच्या प्रार्थनेचे पुस्तक, उघडा. दुसऱ्या स्तोत्रावर हात मोबाइलकडे जाईल, बदल्यांची यादी फिरतेय का ते पाहायला.

मग रविवार येईल. पॅरिश प्रीस्टने दर रविवारी एक मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, आपल्या लोकांसाठी अर्पण केलीच पाहिजे, कलम 534. त्या मिस्सेला दुसरे कुणाचे इंटेन्शन, म्हणजे ‘अमक्यासाठी अर्पण करा’ अशी विनंती, घेता येत नाही, म्हणून आपण आयुष्यभर थोडे कुरकुरलो. आता मोकळे आहात. कुणासाठीही अर्पण करा. जवळच्या चर्चमधल्या तरुण फादरांनी मोठ्या मनाने सहाची मिस्सा दिली असेल. इंटेन्शन मनात आणताना तुमच्या तोंडी ओळीने जुन्या पॅरिशमधल्या वाड्या येतील, शेवटच्या बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पलीकडच्या दोन घरांसकट. येऊ द्या, नियम मोडत नाही.

घरी येऊन चहा घेताना फोन वाजेल. बिशप हाऊस नसेल. नवे फादर असतील, आवाज घाईचा, मागे चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या सॅक्रिस्टनचा गलका. विहिरीची मोटार सुरू होत नाही आणि आठच्या मिस्सेनंतर वरच्या हॉलमध्ये लग्नाआधीचा वर्ग आहे. तुम्ही उभे राहाल. "डावं बटण," म्हणाल. "आता पाइपावर थाप. जोरात नाही हो, हलकी. आता मोजा." तुम्हीही मोजाल, वहिनींसमोर, मोठ्याने, दहापर्यंत. पलीकडे टाकीत पाणी पडायला लागल्याचे ऐकू येईल. "झालं, फादर," नवे फादर म्हणतील आणि फोन ठेवतील.

मग वहिनी आठवण करतील, दूध आणायचे राहिलेय.